कवकांचे अभ्यासक जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव मराठी वाचकाला नवे नाही. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे चरित्र १९८१ साली प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून ते गावोगावच्या शाळांच्या ग्रंथालयांत पोहोचले. गुलाम स्त्रीच्या पोटी जन्मलेला आणि भुईमुगाच्या शेंगेपासून नाना वस्तू तयार करणारा शास्त्रज्ञ, अशी त्यांची प्रतिमा आमच्या दोन पिढ्यांच्या मनावर ठसली आहे. ही ओळख खरी आहे, पण अपुरी आहे. कार्व्हर यांनी विद्यापीठात ज्या विषयाचे संशोधन केले, ज्या विषयावर त्यांचे सुरुवातीचे शोधनिबंध निघाले आणि ज्या विषयाने त्यांना सत्तरीतही रानोमाळ हिंडवले, तो विषय कवकशास्त्र होता. कवकशास्त्र म्हणजे बुरशीचा शास्त्रीय अभ्यास. भुईमूग त्यांच्या आयुष्यात पुढे आला. बुरशी त्याच्या आधी आली आणि अखेरपर्यंत सोबत राहिली. त्यांच्या जीवनाची ही कमी परिचित बाजू स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा हेतू आहे.

बुरशीचे जग

आमच्या वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्याला बुरशीची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. तुरीचे हिरवेगार झाड पाहता पाहता सुकते, त्याला आपण मर म्हणतो. ज्वारीच्या कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरते ती काणी, गव्हाच्या पानावर गंजासारखे डाग येतात तो तांबेरा, कपाशीच्या पानावर दह्याचे शिंतोडे उडाल्यासारखे दिसते तो दहिया आणि भुईमुगाच्या पानावर काळे गोल ठिपके पडतात तो टिक्का. हे सारे रोग कवकांमुळे होतात. पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या सात्या हेही कवकच आणि शेणखताच्या खड्ड्यात काडीकचरा कुजवून त्याचे खत करणाऱ्यांतही कवकांचा मोठा वाटा असतो. कवकाला वनस्पतीसारखे हरितद्रव्य नसते. त्यामुळे ते आपले अन्न जिवंत किंवा मृत पदार्थांतून मिळवते. त्याचा प्रसार बीजाणूंनी होतो आणि हे बीजाणू इतके सूक्ष्म असतात की सूक्ष्मदर्शकाशिवाय त्यांचा आकार कळत नाही.

कवकांच्या अभ्यासकाला प्रथम रानात जावे लागते. रोगट पान, कुजके लाकूड किंवा सुकलेली फांदी उचलून ती दाबून वाळवायची, कागदाच्या पाकिटात ठेवायची आणि वर वनस्पतीचे नाव, गाव, तारीख व गोळा करणाऱ्याचे नाव लिहायचे. मग त्या डागातील बीजाणू काचपट्टीवर घेऊन त्यांची लांबी-रुंदी, रंग आणि आतील पडदे तपासायचे, पूर्वी नोंदल्या गेलेल्या जातींशी त्यांची तुलना करायची आणि त्यानंतरच हे कवक ओळखीचे की नवे ते ठरवायचे. या कामाला तीक्ष्ण नजर, सोशिकपणा आणि नोंदी ठेवण्याची शिस्त लागते. कार्व्हर यांच्याकडे हे तिन्ही गुण होते आणि त्यांपैकी पहिले दोन त्यांना बालपणानेच दिले होते.

जन्म आणि बालपण

कार्व्हर यांची जन्मतारीख कोणालाही ठाऊक नाही. गुलामांच्या मुलांच्या जन्माची नोंद ठेवण्याची गरज मालकांना वाटत नसे. अमेरिकेच्या मिझुरी राज्यात डायमंड ग्रोव्ह या वस्तीजवळ मोझेस कार्व्हर या शेतकऱ्याच्या मळ्यावर १८६४ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. आई मेरी ही मोझेसच्या मालकीची गुलाम होती. यादवी युद्धाच्या त्या धामधुमीत गुलामांना पळवून विकणाऱ्या टोळ्या फिरत असत. अशाच एका टोळीने मेरीला तिच्या तान्ह्या मुलासह पळवून नेले. मोझेसने माणूस पाठवून शोध घेतला. मूल परत मिळाले, आई मिळाली नाही. मुलाच्या बदल्यात शर्यतीचा घोडा द्यावा लागला, असे कार्व्हर पुढे सांगत. आईचा चेहरा त्यांना कधीच आठवला नाही.

गुलामगिरी कायद्याने संपली, तरी जॉर्ज आणि त्याचा थोरला भाऊ जिम मोझेस व सुसान या दांपत्याच्याच घरी वाढले. जॉर्ज प्रकृतीने अशक्त होता. शेतातील जड कामे त्याला झेपत नसल्यामुळे सुसानबाईंनी त्याला स्वयंपाक, धुणे, शिवणकाम शिकवले आणि अक्षरओळखही करून दिली. उरलेला वेळ तो रानात घालवी. आजारी रोपे आणून त्यांची शुश्रूषा करण्याचा त्याला असा नाद लागला की शेजारीपाजारी त्याला झाडांचा वैद्य म्हणू लागले. पान का पिवळे पडले, खोडावर पांढरे काय आले, हे प्रश्न त्याला तेव्हापासून पडत होते. उत्तर द्यायला शाळा मात्र नव्हती. जवळच्या शाळेत काळ्या मुलांना प्रवेश नव्हता.

याच काळात, १८७३ साली, पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. त्या वेळी मुक्त झालेल्या गुलामांपैकी एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा शाळेसाठी आसुसलेला होता. जोतीरावांनी ज्यांच्या मुक्तीचे स्वागत केले, त्यांच्यापुढे मुक्तीनंतर कोणती वाट उभी होती, हे जॉर्जच्या पुढील पंधरा-वीस वर्षांत दिसते.

शाळेच्या शोधात

घरापासून सुमारे तेरा किलोमीटरवरील निओशो या गावी काळ्या मुलांची शाळा होती. जॉर्ज तेथे एकटा पायी गेला. मराया वॉटकिन्स या कृष्णवर्णीय बाईंनी त्याला आश्रय दिला. त्या सुईण होत्या, लोकांचे कपडे धुऊन देत आणि औषधी वनस्पतींच्या जाणकार होत्या. शिकून आपल्या माणसांच्या उपयोगी पड, हा संस्कार त्यांच्या घरातला. निओशोच्या शिक्षकाकडचे शिक्षण लवकरच संपले आणि जॉर्ज कॅन्सस राज्यात गेला. तेथील फोर्ट स्कॉट गावात १८७९ साली एका कृष्णवर्णीय माणसाला जमावाने ठार मारून जाळल्याचे त्याने डोळ्यांनी पाहिले. तो ते गाव सोडून निघून गेला. ते दृश्य त्याच्या मनातून आयुष्यभर गेले नाही.

गावे बदलत, धुणी धूत, स्वयंपाक करत त्याने माध्यमिक शिक्षण पूर्ण केले. एकाच गावात दोन जॉर्ज कार्व्हर झाल्यामुळे पत्रांची गफलत होऊ लागली, तेव्हा नावात एक अक्षर घातले. त्याचेच पुढे वॉशिंग्टन झाले. १८८५ साली हायलँड येथील महाविद्यालयाने पत्राने त्यांचा प्रवेश मंजूर केला. पदरचे पैसे खर्चून ते तेथे पोहोचले, तेव्हा त्यांचा वर्ण पाहून त्यांना दारातूनच परत पाठवले गेले. त्यानंतर काही वर्षे त्यांनी कॅन्ससच्या माळरानावर सरकारी जमीन घेऊन शेती केली. अशा प्रसंगांचा अर्थ आमच्या समाजाला समजावून सांगण्याचे कारण नाही.

१८९० साली आयोवा राज्यातील सिंप्सन कॉलेजने त्यांना स्वीकारले. तेथे ते चित्रकला शिकू लागले. त्यांच्या शिक्षिका एटा बड यांनी त्यांची फुलापानांची चित्रे पाहिली. चित्रकलेवर काळ्या माणसाचे पोट भरणे कठीण आहे आणि या मुलाची खरी जाण वनस्पतींची आहे, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांचे वडील एम्स येथील आयोवा कृषी महाविद्यालयात फलोद्यानशास्त्राचे प्राध्यापक होते. बाईंच्या आग्रहावरून १८९१ साली कार्व्हर एम्सला गेले. त्या महाविद्यालयातील ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी होत.

एम्स : कवकशास्त्राचा पाया

एम्समध्ये सुरुवातीला त्यांना इतर विद्यार्थ्यांबरोबर जेवायला बसू दिले नाही. तळघरात नोकरांच्या पंगतीत बसावे लागले. हे कळल्यावर इंडियानोलाच्या लिस्टनबाई या गोऱ्या गृहिणी मुद्दाम आल्या, दिवसभर त्यांच्याबरोबर महाविद्यालयात फिरल्या आणि त्यांच्याच शेजारी जेवायला बसल्या. त्यानंतर वागणुकीत फरक पडला.

वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक लुई पॅमेल हे कार्व्हर यांना गुरू म्हणून लाभले. पॅमेल वनस्पतींच्या रोगांचे नावाजलेले अभ्यासक होते. कवकांमुळे पिकांना रोग होतात, हे शास्त्र तेव्हा तरुण होते. बटाट्यावरील करप्याने आयर्लंडमध्ये लाखो माणसे उपासमारीने मेली, त्या घटनेला अर्धे शतकही झाले नव्हते. कोणत्या प्रदेशात कोणत्या पिकावर कोणते कवक येते, याची मोजदाद करण्याचे काम अमेरिकेतील कृषी महाविद्यालये नुकतीच करू लागली होती. त्या कामाला रानात हिंडणारी माणसे हवी होती आणि कार्व्हर यांना तर रानाचेच वेड होते. इतरांच्या नजरेतून सुटलेला पानावरचा बारीक ठिपका त्यांना अचूक दिसे. आपल्या विभागाला लाभलेला हा सर्वोत्तम संग्राहक आहे, असे पॅमेल यांचे मत झाले.

१८९४ साली कार्व्हर पदवीधर झाले आणि त्यांची संशोधन केंद्रात पॅमेल यांचे साहाय्यक म्हणून नेमणूक झाली. महाविद्यालयाचे काचगृह त्यांच्या ताब्यात आले आणि ते नव्या विद्यार्थ्यांना शिकवू लागले. ज्या संस्थेने त्यांना तळघरात जेवायला बसवले होते, तिच्या अध्यापकवर्गातील ते पहिले कृष्णवर्णीय झाले. १८९५ साली पॅमेल आणि कार्व्हर या दोघांच्या नावाने करंटची झुडपे व चेरी यांच्या पानांवरील ठिपक्यांच्या रोगावर उपचार सांगणारी पत्रिका निघाली. त्याच वर्षी एम्सच्या परिसरात आढळलेल्या कवकजन्य रोगांची पाहणी दोघांनी मिळून केली आणि ती आयोवा विज्ञान अकादमीच्या वृत्तांतात प्रसिद्ध झाली. १८९६ साली कार्व्हर यांनी पदव्युत्तर पदवी घेतली.

या वेळी त्यांचे वय तिशीच्या थोडे पुढे होते. हाताशी सूक्ष्मदर्शक, ग्रंथालय, काचगृह, मानणारे गुरू आणि मनासारखा विषय होता. एम्सला राहून आणखी दहा वर्षे काम केले असते, तर अमेरिकेच्या आघाडीच्या कवकशास्त्रज्ञांत त्यांची गणना झाली असती, असे मानायला भरपूर आधार आहे.

टस्कीगीचे बोलावणे

अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ साली कृष्णवर्णीयांसाठी एक निवासी शिक्षणसंस्था काढली होती. वॉशिंग्टन स्वतः गुलामगिरीत जन्मले होते. संस्थेत मुले शिकत आणि राबतही. इमारतींच्या विटा त्यांनीच भाजल्या होत्या. १८९६ साली तेथे शेतकी विभाग सुरू करायचे ठरले आणि वॉशिंग्टन यांनी कार्व्हर यांना बोलावले. वर्षाला १,००० डॉलर पगार देऊ केला; मानमरातब आणि सुखसोयी यांचे आश्वासन त्यांना देता येण्यासारखे नव्हते. कार्व्हर यांनी होकार कळवला. आपल्या समाजातील जास्तीत जास्त लोकांच्या उपयोगी पडावे हेच आपले ध्येय आहे आणि इतकी वर्षे शिकलो ते त्यासाठीच, अशा आशयाचे पत्र त्यांनी लिहिले.

ऑक्टोबर १८९६ मध्ये ते टस्कीगीला पोहोचले. सोबत वनस्पती आणि कवकांच्या नमुन्यांनी भरलेल्या पेट्या होत्या. संस्थेतील अविवाहित शिक्षक एका खोलीत दोघे राहत. कार्व्हर यांनी स्वतःसाठी दोन खोल्या मागितल्या; एक राहण्यासाठी आणि एक नमुन्यांसाठी. सहकाऱ्यांना हा नव्या माणसाचा तोरा वाटला. पेट्या उघडायला जागा नाही आणि उंदीर नमुन्यांची नासाडी करीत आहेत, अशी तक्रार त्यांनी संस्थेच्या समितीकडे लेखी केली. चरित्रकार हा प्रसंग त्यांच्या स्वभावातील हट्टीपणा दाखवण्यासाठी सांगतात. आम्हाला त्यात वेगळेही काही दिसते. वाळलेल्या पानांच्या त्या पाकिटांत त्यांची एम्समधील मेहनत होती आणि संशोधक म्हणून पुढे जगण्याची आशाही होती.

प्रयोगशाळा नावाची वस्तू टस्कीगीत नव्हती. कार्व्हर विद्यार्थ्यांना घेऊन उकिरड्यांवर गेले आणि बाटल्या, डबे, तारा, फुटके दिवे उचलून आणून त्यांतून उपकरणे तयार केली. सूक्ष्मदर्शक त्यांचा स्वतःचा होता. १८९७ साली अलाबामा राज्याने तेथे शेती-प्रयोग केंद्र मंजूर केले आणि वर्षाला १,५०० डॉलर देऊ केले. गोऱ्यांच्या केंद्रांना मिळणाऱ्या रकमेपुढे हा आकडा फारच लहान होता.

सर्कोस्पोरा आणि नावाचा मान

अशा स्थितीतही कार्व्हर पहाटे चारच्या सुमारास उठून जंगलात जात आणि वर्ग भरायच्या आत नमुने गोळा करून परतत. टस्कीगी ज्या मेकन परगण्यात आहे, तेथील उष्ण आणि दमट हवा कवकांना मानवणारी होती. १९०१ साली त्यांच्या केंद्राची चौथी पत्रिका निघाली. तिचा विषय होता मेकन परगण्यातील सर्कोस्पोरा कवके. सर्कोस्पोरा ही पानांवर ठिपके पाडणाऱ्या कवकांची मोठी प्रजाती आहे; तिचे बीजाणू सुईसारखे लांब आणि आडव्या पडद्यांनी विभागलेले असतात. आपल्या भुईमुगावरील टिक्का रोगाची कवके याच गटातली. गरीब शेतकऱ्यांसाठी काढलेल्या पत्रिकांच्या मालेत शुद्ध कवकशास्त्राची ही एक पत्रिका उठून दिसते. पुढे अशी पत्रिका त्यांच्या हातून निघाली नाही.

नव्या कवकाला नाव द्यायचे तर जगात आजवर नोंदलेल्या जातींची वर्णने आणि मूळ नमुने हाताशी असावे लागतात. टस्कीगीच्या ग्रंथालयात ती सोय नव्हती. म्हणून कार्व्हर आपले नमुने न्यू जर्सी राज्यातील जॉब एलिस या वयोवृद्ध कवकशास्त्रज्ञाकडे पाठवत. १९०२ साली एलिस आणि त्यांचे सहकारी बेंजामिन एव्हरहार्ट यांनी अलाबामातील नव्या कवकांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी दोन नव्या जातींना कार्व्हर यांचे नाव दिले : कोलेटोट्रायकम कार्व्हरी आणि मेटास्फेरिया कार्व्हरी. शास्त्राच्या प्रथेनुसार एखाद्याचे नाव जातीला जोडणे हा त्याच्या कामाचा गौरव असतो. त्याच राज्यात कृष्णवर्णीयांचा मताधिकार १९०१ च्या नव्या राज्यघटनेने जवळजवळ काढून घेतला होता आणि त्यांना गोऱ्यांच्या शेजारी आगगाडीत बसता येत नव्हते.

येथे वर्गीकरण या शब्दाविषयी थोडे लिहावेसे वाटते. कवकांचे वर्गीकरण डोळ्यांनी तपासलेल्या लक्षणांवर उभे असते. नवा पुरावा आला की ते बदलते. टिक्का रोगाच्या एका कवकाचे प्रजातिनाव गेल्या शतकात एकाहून अधिक वेळा बदलले आहे. कोणी किती मोठा विद्वान असला तरी त्याने लावलेला क्रम दुसरा अभ्यासक पुराव्याने मोडू शकतो. माणसांची जन्मावरून लावलेली उतरंड मात्र कोणत्याही पुराव्याला उत्तर देत नाही. आयुष्यभर पहिल्या प्रकारचे वर्गीकरण करणाऱ्या माणसाला प्रत्येक प्रवासात दुसऱ्या प्रकारच्या वर्गीकरणाला तोंड द्यावे लागले.

संशोधन आणि संस्थेचा व्याप

टस्कीगीत कार्व्हर यांना संशोधनाला पुरेसा वेळ कधी मिळाला नाही. वर्ग, प्रयोगशेत, गोठा, बाग, संस्थेच्या पाण्याची तपासणी अशी अनेक कामे त्यांच्यावर होती. कोंबड्यांच्या खुराड्याची व्यवस्था हा तर वर्षानुवर्षांच्या वादाचा विषय झाला. कोंबड्या मरत, हिशेब जुळत नसे आणि वॉशिंग्टन यांची खरमरीत पत्रे येत. वॉशिंग्टन यांना काटेकोर व्यवस्थापक हवा होता. कार्व्हर शिक्षक आणि संशोधक होते, व्यवस्थापन त्यांना जमत नसे. त्यांनी अनेकदा राजीनाम्याची भाषा केली, पण टस्कीगी सोडले नाही. वॉशिंग्टन १९१५ साली वारले, तेव्हा मतभेद विसरून कार्व्हर यांनी मोठा शोक केला. दोन मोठी माणसे एका संस्थेत असली म्हणजे घर्षण होते, हे आम्ही संस्थांत काम करणाऱ्यांनी समजून घेण्यासारखे आहे. एकाने संस्था उभी केली आणि दुसऱ्याने तिला नाव मिळवून दिले; दोघांपैकी एकालाही वगळून टस्कीगीचा इतिहास लिहिता येणार नाही.

या व्यापात कवकशास्त्राचे काम मागे पडले आणि शेतकरी पुढे आला. मेकन परगण्यातील बहुतेक कृष्णवर्णीय दुसऱ्याची जमीन बटाईने कसत. वर्षानुवर्षे एकटा कापूस घेतल्याने जमिनीचा कस गेला होता आणि हंगामाअखेर हाती कर्जच उरे. हिंगणघाट किंवा देवळीकडच्या वाचकाला हे चित्र परके वाटू नये. विकतचे खत घेण्याची ऐपत नसलेल्या या माणसांना कार्व्हर यांनी जंगलातील पालापाचोळा आणि दलदलीतील गाळ कुजवून खत करायला शिकवले. चवळी, रताळी आणि भुईमूग यांचा फेरपालट सांगितला. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र धरून ठेवणारे जिवाणू असतात, हे त्यांनी साध्या भाषेत पटवून दिले. १९०६ साली शेतकऱ्यांच्या दारी जाणारी शिक्षणाची घोडागाडी सुरू झाली. १८९८ पासून निघालेल्या त्यांच्या पत्रिकांची संख्या अखेरीस चव्वेचाळीसवर गेली. पान कुजवणारे कवक शेताच्या कामाला लावणे आणि पान डागाळणारे कवक ओळखणे या एकाच विद्येच्या दोन बाजू होत, हे या पत्रिका वाचताना जाणवते.

कापसाची बोंडे पोखरणारा बोल वीव्हिल नावाचा भुंगेरा अलाबामात शिरला तेव्हा भुईमुगाचे महत्त्व वाढले. १९१६ साली भुईमुगाची लागवड आणि त्याचे १०५ खाद्यप्रकार सांगणारी पत्रिका निघाली. १९२१ साली अमेरिकी संसदेच्या समितीपुढे भुईमुगावरील आयातशुल्काबाबत त्यांची साक्ष झाली. दहा मिनिटांचा वेळ दिला होता; सभासदांनीच तो पुन्हा पुन्हा वाढवला. त्यानंतर त्यांची कीर्ती देशभर झाली.

कीर्तीबरोबर दंतकथाही आल्या. भुईमुगापासून त्यांनी तीनशेहून अधिक वस्तू शोधल्या असे सांगितले जाते. त्यांतील पुष्कळ वस्तू आधीपासून माहीत होत्या आणि कित्येकांच्या कृती त्यांनी लिहून ठेवल्या नव्हत्या. शेंगदाण्याचे लोणीही त्यांनी शोधलेले नाही. त्यांच्या नावावर एकूण तीन एकस्वे आहेत. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हाला हे नमूद करणे आवश्यक वाटते. थोर माणसाचे मोठेपण दंतकथेवर उभे केले, की दंतकथा गळून पडताच लोक माणसालाही टाकून देतात. कार्व्हर यांच्या बाबतीत तसे होण्याचे कारण नाही. त्यांनी गोळा केलेले नमुने, त्यांवरील नोंदी आणि छापलेल्या पत्रिका आजही पाहता येतात.

सत्तरीतील पुनरागमन

१९३५ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने कार्व्हर यांना कवकशास्त्र व वनस्पतिरोग-पाहणी विभागाचे सहयोगी म्हणून नेमले. त्यांचे वय तेव्हा सत्तरीच्या आसपास होते. पॅमेल १९३१ साली निवर्तले होते. गुरूशी त्यांचा पत्रव्यवहार तोपर्यंत चालू होता. आता लोक त्यांना भुईमुगाचे जादूगार म्हणून ओळखत होते. मात्र कृषी खात्यातील तज्ज्ञांना टस्कीगीत त्यांच्या संग्रहाची आणि नजरेची प्रचीती आली होती. चाळीस वर्षांपूर्वी बाजूला ठेवावे लागलेले काम अशा रीतीने पुन्हा त्यांच्या हाती आले. म्हातारपणात, प्रकृती खालावलेली असताना, ते पहाटे रानात जात आणि कवकांचे नमुने पाकिटांत भरून पाठवत.

या काळातील त्यांचा एक नमुना विशेष ठरला. रुपेरी मॅपल नावाच्या झाडाच्या पानावर त्यांना वेगळा विकार दिसला. कृषी खात्यातील कवकशास्त्रज्ञ ॲना जेनकिन्स यांनी तपासणी करून ते नवे कवक असल्याचे ठरवले आणि १९३९ साली त्याला टॅफ्रिना कार्व्हरी हे नाव दिले. कार्व्हर यांच्या नावाची पहिली कवके १९०२ ची आणि हे १९३९ चे. मधली सदतीस वर्षे त्यांनी शिक्षकी केली, शेतकऱ्यांना शिकवले, संस्थेचे काम केले. नजर मात्र बोथट झाली नव्हती.

अखेर

५ जानेवारी १९४३ रोजी टस्कीगी येथे कार्व्हर यांचे निधन झाले. त्यांनी लग्न केले नव्हते. साधेपणाने राहून जमवलेली सुमारे ६०,००० डॉलरची पुंजी त्यांनी टस्कीगीतील संशोधनासाठी व संग्रहालयासाठी दिली. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या शेजारीच त्यांचे दफन झाले. त्याच वर्षी डायमंड ग्रोव्हच्या मळ्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. कृष्णवर्णीय व्यक्तीच्या नावाने अमेरिकेत झालेले ते पहिले राष्ट्रीय स्मारक होय.

एम्स सोडून कार्व्हर यांनी काय गमावले, हा प्रश्न त्यांच्या चरित्राचा अभ्यास करताना मनात राहतो. त्यांनी एक समृद्ध शास्त्रीय कारकीर्द गमावली, हे मान्य केले पाहिजे. त्यागाचे गोडवे गाताना त्याची किंमत लपवू नये. समाजाने एका शिकलेल्या माणसाकडून शेतकी, शाळा, पाणी, कोंबड्या सारे मागितले, कारण त्या समाजात शिकलेली माणसे थोडी होती. पहिल्या पिढीत शिकून वर आलेल्या आमच्या अनेकांनी हे ओझे ओळखीचे म्हणून वाचले असेल. या ओझ्याला एकच उतारा आहे, तो म्हणजे शिकलेल्यांची संख्या वाढवणे. दहा जण असतील तर एकाला गोठा पाहता येईल, एकाला वर्ग घेता येईल आणि एकाला शांतपणे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसता येईल.

आमच्या माजी विद्यार्थ्यांत आज शिक्षक, परिचारिका, अभियंते, कर्मचारी आणि शेतकरी आहेत. पालकांना आम्ही सुचवू इच्छितो की, एखादे मूल पाटी-दप्तर बाजूला टाकून भुईमुगाच्या पानावरचे ठिपके निरखत बसले, तर त्याला लगेच रागावू नये. त्याच्या हाती साधे भिंग द्यावे, वही द्यावी आणि पान कोठून, कोणत्या तारखेला घेतले हे लिहायला सांगावे. मेरीलँड राज्यातील बेल्ट्सव्हिल येथे अमेरिकेचा राष्ट्रीय कवकसंग्रह आहे. कृषी खात्याकडे पाठवलेले कार्व्हर यांचे नमुने त्या संग्रहाचा भाग आहेत आणि जगभरच्या अभ्यासकांना ते तपासता येतात. ज्याची जन्मतारीख कोणी लिहून ठेवली नाही, त्या माणसाच्या नमुन्यांवर गाव, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव आजही वाचता येते.